चांदीच्या पानांचा भागोजी

पाणी मागणारे दोनच प्राणी भागोजीकाकाला खपत नसत: जावई आणि गुलाब. जावई आगरदांड्याचा. लेक राही त्याच्या घरी दिलेली, तेव्हा त्याला नाही म्हणायची सोय नव्हती. म्हणून काकाने गुलाबाला नाही म्हटलं.

किहीमातली नीराबाईंच्या बंगल्याची बाग त्याच्याकडे होती. नीराबाई मुंबईच्या. नाताळात आगबोटीने यायच्या, आठ दिवस राहायच्या, आणि उरलेलं वर्ष बंगला काकाचा. चावी त्याच्या करगोट्याला. ती वाजावी म्हणून तो सरळ चालायचा नाही, जरा झुलत चालायचा. होळी झाली की तिथली विहीर खारट होते, तेव्हा बागेत त्याने घायपात, कोरफड, चाफा, बोगनवेल अशी मानी मंडळीच ठेवली होती. "तहान लागली तरी तोंड उघडायचं न्हाय, अशालाच हितं जागा," असं तो म्हणायचा. हा नियम मलाही लागू होता. त्याची पत्रं लिहून लिहून घसा सुकला तरी चहा कधी पुढे आला नाही.

सन अठ्ठावीसच्या आषाढात नीराबाईंनी गड्याबरोबर पत्र्याच्या डब्यातून एक रोप पाठवलं. निलगिरीचं. आम्ही निलगिरी पाहिली होती ती औषधाच्या बाटलीत. तिला झाड असतं हे कळलं तेव्हा अर्धं गाव कुंपणाशी जमलं. पानं गोल, रुपयाएवढी, आणि चांदीला राख फासावी तशी पांढुरकी. काचेच्या फुलदाणीत ही पानं ठेवायची बाईंना भारी हौस.

काकाने रोप वाळूत लावलं, शेजारी भोकाचं मडकं पुरलं, आणि पहिला उन्हाळा त्यातून घोटभर पाणी झिरपू दिलं. दुसऱ्या उन्हाळ्यात मडकं काढलं. रोप मेलं नाही. उलट हातभर वाढलं. काका आनंदाने इतका झुलला की चावीचा आवाज बाजारापर्यंत गेला.

पण तिसऱ्या पावसाळ्यात झाड बंगल्याच्या कौलांवर गेलं आणि घोटाळा झाला. नवी पानं आली ती लांबट, कोयत्यासारखी, हिरवट. जुनी गोल पानं गळाली. नाताळात नीराबाई आल्या, झाडाखाली उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, मी दिलेलं झाड मेलं आणि भागोजीने गुपचूप दुसरं काहीतरी आणून लावलं.

काकाने शपथा घेतल्या. मग समजावलं, "बाईसाहेब, पोर मोठं झालं का त्याचं तोंड लांबतंच. तसं हाय ह्ये."

बाईंना ते पटेना. "पुढच्या नाताळात माझं झाड मला दिसलं नाही, तर चावी माझ्या मेजावर ठेवायची," असं सांगून त्या बोटीवर चढल्या.

बाग गेली असती तर काकाने दुसरीकडे पोट भरलं असतं. पण झाड बदललं असा डाग घेऊन जायचं म्हणजे त्याच्या दृष्टीने नाक कापून जाणं. त्या दिवसापासून तो सरळ चालू लागला. चावी मुकी झाली. गावाला चुकल्यासारखं वाटू लागलं.

मग त्याने उपाय सुरू केले. आमच्याकडे माड रुसला की त्याच्या बुंध्याशी मीठ घालतात, सुकी मासळी पुरतात. काकाने निलगिरीला दोन्ही दिलं. मांजरं खूश झाली, झाड ढिम्म. मी गमतीने म्हटलं, पानांना चुना लाव. त्याने मनापासून लावला, शिडी घेऊन, एकेका पानाला. दुपारी वारा सुटला आणि काकाच चांदीचा झाला.

फाल्गुनात तो दोन दिवस राहीकडे आगरदांड्याला गेला. घरी जनीकाकी एकटी. जनीकाकी म्हणजे काकाची बायको, आतल्या गावच्या भातशेतीवाल्यांची लेक. तिच्या माहेरी झाडाची जात विचारत नाहीत. फाल्गुन आला की झाडाच्या फांद्या तोडायच्या, भाताचं रोप करायचं त्या खाचरात पसरायच्या, वाळल्या की पेटवायच्या. त्याला राब म्हणतात. बंगल्यामागे त्यांचं चार गुंठ्यांचं खाचर होतं आणि पुढे हे पानांनी लगडलेलं, बदनाम झालेलं झाड. तिने कोयता कमरेला खोचला आणि वर चढली.

काका परत आला तेव्हा निलगिरी म्हणजे नुसतं खोड, आणि वर एकच फांदी हलत होती.

"ही कशाला ठेवलीस?" एवढंच त्याच्या तोंडून निघालं.

"एक राखायची असते. समदं उघडं केलं का झाड लाजून मरतं. माझ्या बापाने कधी समदं तोडलं न्हाय."

काका तिच्याशी तीन दिवस बोलला नाही. चौथ्या दिवशी बोलला, पण ते इथे लिहिण्यासारखं नाही.

चैत्रात राब पेटवला. पानं तडतडली, आणि असा धूर उठला की औषधाच्या शंभर बाटल्या एकदम फुटल्या म्हणावं. वेशीपर्यंत नाकं मोकळी झाली. शेजारच्या वेणूबाईला पावसाळ्यापासून पडसं होतं. ती धुरात उभी राहून लहान पोरीसारखी हसत सुटली. कोळीवाड्यातून विठोबा तांडेल आला तो सबंध होडीची माणसं घेऊन. दहाबारा दांडगे गडी खाचराभोवती उकिडवे बसून नुसता श्वास घेत होते. सगळ्यांत लांब काका, पाठ करून, नाक धरून.

पाडव्यानंतर पंधरा दिवसांनी त्याने मला हाताला धरून झाडाकडे ओढत नेलं. खोडाला जिथे जिथे घाव होते तिथून कोंब फुटले होते. पानं गोल, रुपयाएवढी, चांदीला राख फासलेली. घरी जाताना काका थोडासा झुलला.

नाताळात नीराबाई आल्या. झाड चांदीच्या पानांनी भरलेलं. काकाने छाती काढली. बाई म्हणाल्या, "म्हणजे परत बदललंस."

काकाची छाती खाली बसली. त्याने करगोट्याची गाठ सोडली आणि चावी मेजावर ठेवली. वाजूसुद्धा दिली नाही. तेवढ्यात मागून जनीकाकी आली. तिने नीराबाईंना सरळ मनगटाला धरून झाडाखाली नेलं आणि वर बोट केलं. खाली सगळीकडे गोल पानं, आणि त्याच खोडावर, शेंड्याला, राखून ठेवलेली फांदी, लांब पानांची.

"खोड एकच हाय ना, बाईसाहेब? बघा हात लावून. वरची म्हातारी, खालची पोरं. तोडलं का पुन्हा पोर होतं."

नीराबाईंनी खरंच हात लावला. वर पाहिलं, खाली पाहिलं, पुन्हा वर. मग आत जाऊन चावी आणली आणि काकापुढे धरली. "चुकले मी, भागोजी. पण दरसाल असंच तोडत जा."

"तोडतो ना," काका म्हणाला, जणू पहिल्यापासून त्याचाच बेत होता. जनीकाकीने त्याच्याकडे अशी नजर टाकली की त्याने चावी घेतली ती हळूच तिच्या हातात दिली.

तेव्हापासून फाल्गुनात फांद्या उतरतात. दोन टोपल्या गोल पानं बोटीने मुंबईला फुलदाणीत जातात, बाकीची राबात. चैत्रात गाव धुराला जमतं आणि पुढल्या जागेसाठी भांडतं. काकाला जन्मात कधी पडसं झालं नाही, पण आठ दिवस आधीपासून तो शिंकायला लागतो. आणि चावी आता जनीकाकीच्या कमरेला असते. ती सरळच चालते. तरी वाजते.