आधी पहिला भाग

लग्नानंतर पहिल्यांदाच डोंबिवलीला मामांकडे जेवायला गेलो आणि पाटावर बसल्या बसल्या घोटाळा केला. मामा म्हणजे आमच्या हिचे सख्खे मामा. मी आपला ओळख वाढवायला म्हणालो, “मामा, त्या जपानी राक्षसाच्या सगळ्या कॅसेट आहेत म्हणे तुमच्याकडे. जिच्यात चांगली मारामारी आहे तेवढीच लावा ना!” मामा आमटी वाढत होते. त्यांनी भरलेली पळी तशीच पातेल्यात सोडली.

“जावईबापू, तुम्ही श्रीखंडापासून जेवायला बसता का?”

खरं म्हणजे बसतो. पण मी मान हलवली.

“नाही ना? मग आधी पहिला भाग.”

हा राक्षस म्हणजे माणसांनी समुद्रात ओतलेल्या विषातून उठलेला, डोंगराएवढा प्राणी. त्याचे सिनेमे जपानात वर्षानुवर्षं निघत होते. पहिला काळापांढरा, त्यात तो शहर तुडवतो. पुढे सिनेमे रंगीत होत गेले, आणि तोही सुधारत सुधारत लहान मुलांचा कैवारी झाला, दुसऱ्या राक्षसांशी कुस्त्या खेळू लागला. मामा त्याला आदराने ‘थोरले’ म्हणत. मामांच्या साडूने आखातातून आणलेला व्हीसीआर आणि कॉपीवरून कॉपी केलेल्या कॅसेट, एवढ्या भांडवलावर दर रविवारी दुपारी अख्खी सोसायटी मामांच्या दोन खोल्यांत जमे. नवीन कोणी आलं की एकच प्रश्न: सुरुवात कुठून करायची? आणि एकच उत्तर.

“त्याला आधी घाबरा. जो घाबरलाच नाही, त्याला पुढची गंमत काय कळणार?”

खिडकीला चादर लावून मामा टीव्हीशेजारी उभे राहत आणि चालू सिनेमावर मराठीत बोलत. कॅसेटवर जपानी संवादांचं इंग्रजी केलेलं असे, पण त्या इंग्रजीतलं आम्हाला काही कळत नसे. मामांना तरी किती कळत असे कोण जाणे. पहिल्या भागात अर्धा तास थोरले दिसतच नाहीत. रिकाम्या शाळेच्या बाकांवरून फक्त एक सावली सरकत जाते. तिथे मामांचा आवाज खाली उतरे. “बघा हं... आला नाहीये अजून... पण येणार आहे.” पोरं एकमेकांना चिकटत. मी बँकेत नोकरीला असलेला, मिशा वगैरे असलेला गृहस्थ, मांडीवरची उशी घट्ट धरून बसे. “जावईबापू, उशीला श्वास घेऊ द्या,” मामा म्हणत, आणि सगळे हसत. कसले हसत, सुटका करून घेत.

मामा एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कारखान्यात ऑपरेटर होते. त्यांची नखं कायम पिवळी. सकाळी उठले की आधी गॅलरीत जाऊन नाक वर करून हवेचा वास घेत. “आज वारा आपल्याकडे आहे. खिडक्या लावा गं!” मग चहा. घरच्यांना त्याचं काही वाटत नसे. कारखान्याबद्दल कोणी विचारलं, तर मामा थोरल्यांबद्दल बोलायला लागत.

एका रविवारी त्यांना बदली ड्यूटी आली. जाताना मला म्हणाले, “खालच्या मजल्यावर नवीन बिऱ्हाड आलंय, त्यांची पोरं येतील. पहिला भाग लावा. आणि आवाज खाली उतरवायचा तिथे उतरवा. क्रिकेटची कॉमेंट्री करू नका.”

मी जमेल तसा आवाज उतरवत होतो. थोरल्यांनी पाय उचलला, आणि असा दणका झाला की कपाटावरचे डबे खाली आले. पोरांनी टाळ्या पिटल्या. मीही खूश होऊन म्हणालो, “मामांनी स्पीकर बदललेला दिसतोय.” कानाला जरा जास्त होतं म्हणून उठून टीव्हीचा आवाज पूर्ण बंद केला. खिडक्यांच्या काचा तरीही थरथरत होत्या.

मामी पिठाच्या हातांनी बाहेर आल्या. हिने चादर ओढून काढली. कारखान्यांच्या चिमण्यांच्या बाजूला पिवळट धुराचा एक खांब उभा होता, आणि वर फुगत चालला होता.

“मामाची कंपनी तिकडेच आहे,” ही म्हणाली.

मी धावत निघालो. रिक्षावाले तिकडे यायला तयार नव्हते. समोरून माणसं नाकाला रुमाल, पदर लावून येत होती, आणि उलटा जाणारा मी एकटा. शूर म्हणून नव्हे. मामींच्या समोर परत जाण्यापेक्षा ते सोपं वाटलं. घसा जळत होता. येणारा प्रत्येक चेहरा बघायचा आणि तो मामांचा नाही म्हणून पुढच्याकडे वळायचं. तसला रस्ता मी पुन्हा कधी चाललो नाही.

मामा अगदी शेवटी दिसले. एका पायात बूट, दुसरा पाय अनवाणी, अंगभर पिवळी भुकटी. माझ्या बाजूने तसेच पुढे निघाले. मी हात धरला तेव्हा थांबले.

“पोरांना कुठला भाग लावलात?”

“पहिला. तुम्हीच सांगितलं होतं ना.”

“बंद करा तो,” मामा म्हणाले. “आधी घरी चला आणि तो बंद करा.”

स्फोट शेजारच्या प्लँटमध्ये झाला होता; तिथले त्यांचे दोन सोबती परत आले नाहीत. कारखाना काही दिवसांनी सुरू झाला आणि मामा पुन्हा कामावर जाऊ लागले. दुसरं काय करणार? रविवारही सुरू झाले. पण आता कोणी सुरुवात कुठून करू म्हणून विचारलं की मामा रंगीत कॅसेट काढत. “शेवटून करा. तो मुलांना पाठीवर घेतो ना, तिथून.” आवाजही अगदी बारीक ठेवत. माझ्या मांडीवरच्या उशीला कोणी काही म्हणेना.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर, रिटायर होऊन वर्षही झालं नव्हतं, मामा छातीच्या दुखण्याने गेले. तेराव्याहून ठाण्याला घरी आलो. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, “चांगला शहाणासुरता माणूस. त्या राक्षसाचं एवढं वेड कशाला होतं, कळलं नाही बघ कधी.”

ही लुगड्याची घडी घालत होती. मामींनी दिलेलं लुगडं.

“वेड कसलं, अहो? आठवडाभर मामा त्या कारखान्यात एकट्याने घाबरायचा. रविवारी सोबत मिळायची, एवढंच.”