टेबलावरची गाडी

बाबांचं लायसन्स माझ्यामुळे गेलं. आई सगळ्यांना "वयामुळे गेलं" असं सांगते, पण डॉक्टरांच्या खोलीत तोंड मी उघडलं होतं. बाबांनी एकतीस वर्षं सरकारी लाल बस चालवली, मुंबई ते दापोली. निवृत्तीनंतर एक जुनी छोटी मोटार घेतली आणि तिच्यातून मीरा रोडभर फिरायचे. सत्तरी ओलांडली, लायसन्ससाठी डॉक्टरांचा दाखला हवा होता, आणि डोळ्यांत काचबिंदू निघालेला. डॉक्टरांनी विचारलं, "गाडी चालवताना काही त्रास?" बाबा म्हणाले, "छे." मी म्हणाले, "डावी बाजू दोनदा घासलीये. परवा डावीकडून सायकलवर एक मुलगी आली, ती यांना दिसलीच नाही. मी ओरडले म्हणून ब्रेक लागला."

दाखला मिळाला नाही. बाबा जिना उतरेपर्यंत बोलले नाहीत, घरी येईपर्यंत बोलले नाहीत, आणि पुढचं वर्षभर माझ्याशी धड बोललेच नाहीत. भांडले असते तर परवडलं असतं, भांडणात मला चांगली गती आहे. पण ते "हो", "नको", "ठेव तिथे" एवढ्यावरच आले. मोटार विकली त्या दिवशी जेवले नाहीत. मी केलं ते बरोबरच होतं, हे मला पक्कं ठाऊक होतं, आणि तरी रोज संध्याकाळी त्यांना गॅलरीत बसून खालच्या गाड्या बघताना पाहिलं की मला चोरी केल्यासारखं वाटायचं.

माझी ऑफिसातली एक मैत्रीण उत्तनच्या बाजूला डोंगरीला राहते, तिथल्याच जुन्या कॅथलिक घरातली. आठवडाभर आमच्यासारख्याच फायली सरकवते आणि रविवारी चर्चमधून आली की कॉम्प्युटर जोडत बसते, त्यावर गेम खेळते. जेवणाच्या सुट्टीत मी माझं रडगाणं लावलं तेव्हा ती डबा पुसत म्हणाली, "मंग त्यांना घरातच गाडी चालवू दे न. बसचा गेम हाय, घाटाचे रस्ते पन हायेत त्यात. टेबलाला स्टिअरिंग लावायचं, खाली पेडल. कोनाला धक्का लागनार न्हाय."

पुढच्या रविवारी सुके बोंबील आणायचं निमित्त करून मी बाबांना डोंगरीला घेऊन गेले. भाईंदर पश्चिमेहून बस. बाबा नेहमीप्रमाणे सगळ्यात पुढच्या सीटवर बसले आणि वाटभर तोंडातल्या तोंडात ड्रायव्हरला शिकवत राहिले. मैत्रिणीच्या घरी तिने कीबोर्डवरच दोन मिनिटं बस चालवून दाखवली. बाबा तिच्या खुर्चीमागे उभे राहून बघत होते.

"याला क्लच कुठंय?" त्यांनी विचारलं.

वर्षभरात मी त्यांच्या तोंडून ऐकलेला तो पहिला प्रश्न होता. तो मला विचारलेला नव्हता, तरी माझा जीव भांड्यात पडला.

मैत्रिणीने वहीचा कागद फाडला. बजेट एका बऱ्यापैकी मोबाइलएवढं, त्यातून संपूर्ण मशीन उभं करायचं. तिने एकेक भाग सांगायला सुरुवात केली आणि बाबा प्रत्येकाला आपल्या भाषेत आणू लागले. प्रोसेसर म्हणजे इंजिन, हे त्यांना लगेच पटलं. रॅम किती घ्यायची यावर त्यांनी "सीटा किती लागतील तेवढ्याच, उगाच रिकामी गाडी पळवायची नाही" असा निकाल दिला. आत दिवे लुकलुकणारा कॅबिनेट तिने दाखवला तर म्हणाले, "वरात काढायचीये का?" साधा, काळा, हवा नीट खेळेल असा डबा ठरला. पॉवर सप्लायवर मात्र दोघांचं जुळलं. मी स्वस्तातला सुचवला, तशी बाबा पहिल्यांदा थेट माझ्याकडे बघून म्हणाले, "टायर आणि ब्रेकमध्ये कंजुषी करत नाहीत."

ग्राफिक्स कार्ड सगळ्यात महाग. ते सेकंडहँड घ्यायचं ठरलं, पण तेवढे पैसे माझ्याकडे दिवाळीच्या बोनसशिवाय येणार नव्हते. "मग सगळंच दिवाळीला घेऊ," मी म्हणाले. बाबांनी नकारार्थी मान हलवली. दसऱ्याला पूजा झाल्याशिवाय गाडी बाहेर काढायची नाही, हा त्यांचा एकतीस वर्षांचा नेम. डेपोतली आपली बस ते दसऱ्याला स्वतः धुवायचे आणि झेंडूचं तोरण स्वतः बांधायचे. शेवटी बाकीचं मशीन दसऱ्याला आणि कार्ड दिवाळीच्या पाडव्याला, असे दोन मुहूर्त ठरले. मैत्रिणीला हसू येत होतं, पण तिने यादी त्या हिशेबानेच लिहून दिली.

मीरा रोड स्टेशनजवळच्या दुकानात मी ती यादी घेऊन गेले. दुकानदार मोठा सज्जन माणूस. यादी वाचून त्याने विचारलं, "मॅडम, ग्राफिक्स कार्ड लगा रहे हो ना?"

"हां, लगा रहे हैं."

"तो ये प्रोसेसर मत लो. इसी का दूसरावाला लो, सेम स्पीड, सस्ता पड़ेगा. जो चीज़ कम है वो आपको चाहिए ही नहीं."

मी खूश झाले. वाचलेल्या पैशांत बाबांच्या मनासारखा पॉवर सप्लाय बसला आणि सिल्व्हर पार्कमधल्या एका घरातून वापरलेलं स्टिअरिंग, पेडलसकट, तेही आलं. दुकानदाराने मशीन जोडलं, स्वतःचं कार्ड लावून चालवून दाखवलं, कार्ड काढून घेतलं आणि डबा बंद करून माझ्या हातात दिला. कार्ड पाडव्याला येणार आहे, हे त्याला सांगावंसं मला वाटलंच नाही. आमच्या घरात मुहूर्तावर घ्यायची ठरलेली वस्तू आलीच असं धरून चालतात. फ्रिज यायच्या आधी आठ दिवस आईने बर्फाचे साचे आणून ठेवले होते.

दसऱ्याच्या सकाळी बाबा लवकर आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून तयार. जेवणाच्या टेबलाला स्टिअरिंग घट्ट आवळलं. खाली पेडल फरशीवरून घसरत होती, तर बाबांनी आईचं न्हाणीघरासमोरचं पायपुसणं आणून ओलं करून त्याखाली घातलं. आईने कॅबिनेटला हळदकुंकू लावलं आणि झेंडूचा हार नेमका पंख्याच्या जाळीवर घातला. तो बाजूला सरकवून मी बटण दाबलं. पंखा फिरला, हिरवा दिवा लागला, स्क्रीन काळीच. वायर काढून लावली, पुन्हा काळी. मैत्रिणीला फोन केला.

"कार्ड न्हाय तर चित्र कुठनं येनार?" ती म्हणाली. "मी लिवला तो प्रोसेसर स्वतः चित्र देतो. म्हनून तर लिवलेला. तो न्हाय घेतलास?"

नव्हता घेतला. जी चीज मला नकोच असं दुकानदार म्हणाला होता, ती नेमकी हीच होती. तो बिचारा बरोबरच बोलला होता, त्याला अर्धीच गोष्ट सांगणारी मी होते. मला रडू आलं. माणसाला एकदा गाडीवरून उतरवलं होतं, आता सणाच्या दिवशी नटवून बसवून दुसऱ्यांदा उतरवत होते. मी त्यांना सगळं सांगितलं, काही लपवलं नाही, आणि दुकान उघडल्यावर प्रोसेसर बदलून आणते म्हणाले.

बाबांनी पंख्यावर हात धरला. "इंजिन चालू आहे ना?"

"आहे. पण दिसणार काहीच नाही, बाबा."

"दाट धुक्यात कशेडीच्या घाटातून गाडी उतरवलीये मी. तू बस."

ते खुर्चीत बसले, क्लच दाबला, गियर टाकला आणि काळ्या स्क्रीनकडे बघत गाडी डेपोबाहेर काढली. मला आधी वाटलं माझी समजूत घालतायत. पण त्यांचे हात खरंच वळत होते. पनवेल आलं तसं म्हणाले, "इथे चहा नाही घ्यायचा, महाग देतो. वडखळला घ्यायचा." नागोठण्याच्या पुढे त्यांनी वेग कमी केला. इथेच एकदा एक म्हातारा लघवीला उतरला होता, कंडक्टरने बेल मारली, गाडी निघाली आणि तो मागेच राहिला. कोलाडला कळलं. "परत फिरायला हवं होतं. वेळ झालेली म्हणून नाही फिरलो," बाबा म्हणाले आणि बराच वेळ सरळ रस्त्यावर होते. आई दारात पोळपाट घेऊन उभी राहिली होती. चाळीस वर्षांच्या संसारात हे तिलाही ठाऊक नव्हतं.

प्रोसेसर बदलू नको, पाडव्याला कार्ड येतंयच, असं त्यांनीच सांगितलं. मग पाडव्यापर्यंत रोज पाच वाजता गाडी निघायची. मी ऑफिसातून लवकर सटकायला लागले. कधी महाडला गाठायची मी त्यांना, कधी भरणे नाक्याला. शाळेची पोरं कुठे थांबा नसताना चढायची, खेडच्या उतारावर कुठल्या दुकानातली पेटी मुंबईच्या लेकीकडे पोचवायची असायची, सगळं ते काळ्या काचेकडे बघून सांगायचे. माझ्याशीच बोलत होते. पण डॉक्टरांच्या खोलीचा विषय कधी निघाला नाही, आणि तो काढायची माझी छाती झाली नाही.

पाडव्याला कार्ड आलं. दुकानदाराने स्वतः येऊन बसवलं आणि यावेळी स्क्रीन उजळली. लाल बस, ओला घाटरस्ता, बाजूला दगडी कठडा. बाबा चष्मा पुसून बसले. पहिल्याच वळणावर गाडी डावीकडे कठड्याला खरवडत गेली.

"सेटिंग चुकलंय," बाबा म्हणाले.

मी सेटिंग बघितलं. बरोबर होतं. दुसऱ्यांदा त्यांनी सावकाश चालवली, मान पुढे काढून. पुन्हा डावीकडेच, एका उभ्या हातगाडीला. तिसऱ्यांदा एक माणूस होता. खेळातलाच, पण माणूस. बाबांना तो धडकेपर्यंत दिसला नव्हता, मला केव्हाचा दिसत होता.

त्यांनी गाडी बाजूला घेतली, हँडब्रेक लावला आणि हात मांडीवर ठेवले. मी कशाला हे घरात आणलं असं मला झालं. काळी स्क्रीन होती तोवर हा माणूस राजासारखा गाडी चालवत होता. मी म्हणाले, "बाबा, सवय होईल. नवीन आहे."

"नवीन नाही हे," ते म्हणाले. "मला डावीकडचं दिसत नाही गं." मग स्क्रीनकडेच बघत, "तू डॉक्टरांना सांगितलंस ते बरं केलंस. मी नसतं सांगितलं कुणाला."

वर्षभर ज्या वाक्यासाठी मनातल्या मनात भांडत होते, ते मिळाल्यावर ते त्यांना परत करावं असं वाटलं. मी उठून मॉनिटर बंद करायला हात पुढे केला, तर त्यांनी मनगट धरलं.

"बंद काय करतेस? स्टूल घे. माझ्या डाव्या हाताला बस."

मी स्टूल ओढून बसले. त्यांनी हँडब्रेक सोडला आणि बस पुन्हा रस्त्याला लागली. पुढच्या वळणावर कठड्याला लागून एक म्हैस उभी होती.

"बाबा, डावीकडे म्हैस."

बस तिला सोडून अलगद उजवीकडून निघाली. मी विचारलं, "दिसली?"

"नाही," बाबा म्हणाले. "तू सांगितलंस ना."