पोरीची पट्टी

कणीक मळताना तिचा ओला वास आला की मला शेवगावजवळच्या आमच्या गावातलं मारुतीचं देऊळ आठवतं. तिथं भजनाआधी पखवाजवाले काका पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक थापत बसायचे. भजनी मंडळातले सगळे साठीच्या पुढचे, आणि मी सोळा वर्षांची, नव्यानं गायला आलेली. पहिल्या दिवशी पेटीवाल्या आजोबांनी विचारलं, "तुजी पट्टी कोंची गं?" मी घाबरत म्हणाले, "बुवांची आसंल तीच." बुवा म्हणजे मंडळाचे मुख्य गायक. त्यांच्या खालच्या पट्टीत माझा आवाज पहिल्याच ओळीला विहिरीत गेला. कुणी हसलं नाही, त्याचीच मला जास्त लाज वाटली. मग बुवाच म्हणाले, "पट्टी पोरीची धरा." काकांनी हातोडीनं ठोकून पखवाज चढवला. मी मोकळ्या गळ्यानं गायले, बुवांचा आवाज मात्र वर पोचेना. त्यांनी मुकाट्यानं टाळ उचलले आणि पुढं कितीतरी वर्षं माझ्यामागं बसून तेच वाजवले. मला वाटायचं, त्यांना टाळच आवडतात. परवा मंडळात एक नवी मुलगी आली. तिची पट्टी माझ्या गळ्याला झेपेना, म्हणून मी टाळ हातात घेतले. ते इतके जड असतात, हे तेव्हा कळलं.