टरफलातले दाणे

माणसाच्या डोळ्यांत डोळे घालून त्याचं दुःख विचारायला आमच्या अक्कांइतका कडवा विरोध अख्ख्या सोलापुरात दुसऱ्या कुणी केला नसेल. आणि अक्का आमच्या संस्थेत नेमक्या त्याच कामाच्या प्रशिक्षक होत्या. तरुण मुलांना मनाचा प्रथमोपचार शिकवायचा, म्हणजे सोबतचं कुणी आतून खचलं असेल तर ते ओळखायचं, ऐकून घ्यायचं आणि गरज पडली तर डॉक्टरांपर्यंत न्यायचं, असा तो तीन दिवसांचा वर्ग. मी त्याचा समन्वयक. समन्वयक म्हणजे सतरंज्या अंथरणारा, हजेरी घेणारा, फोटो काढणारा आणि उरलेल्या जिवानं अहवाल लिहिणारा. सांगोल्याकडच्या आमच्या घरात कॉलेज पूर्ण केलेला मी पहिलाच; पण स्पर्धा परीक्षेत तिसऱ्यांदा आपटल्यावर मी तो नाद सोडून ही नोकरी धरली होती. घरी हे ठाऊक नव्हतं. आप्पा, म्हणजे माझे वडील, अजून गावभर सांगत होते, 'पोरगं सोलापुरात अभ्यास करतंय.' दर रविवारी त्यांचा फोन आला की मी 'बरं चाललंय' म्हणायचो, आणि त्या दोन शब्दांनी आठवडाभराच्या सतरंज्यांपेक्षा जास्त दमायचो.

अक्का कुंभारीकडच्या कामगार वसाहतीत राहायच्या. तीसेक वर्षं विड्या वळलेल्या. घरात तेलुगू, बाजारात मराठी, शेजारणीशी दखनी उर्दू आणि रागावल्या की तिन्ही एकदम. आमच्या पुस्तिकेत लिहिलं होतं, समोरासमोर बसा, नजरेला नजर द्या. अक्कांनी ते पान पहिल्याच दिवशी दुमडून टाकलं. "असं टकामका बघितल्यावर कोण बोलंल रे बाबा? चोर हाय का त्यो?" विड्या वळताना बायका मांडीवरच्या सुपात बघत बसतात, हात चालू असतात, आणि कुणाची सासू, कुणाचं गेलेलं पोर, सगळं आपोआप त्या सुपात येऊन पडतं, हा त्यांचा सिद्धांत. मुलांच्या हाती तंबाखू तर देता येत नव्हती, म्हणून त्या भुईमुगाच्या शेंगांची पिशवी घेऊन यायच्या. दोघादोघांनी शेजारी बसायचं, शेंगा फोडायच्या, एकानं बोलायचं, दुसऱ्यानं ऐकायचं. दाणा तोंडात टाकायचा नाही. "खाणाऱ्याला ऐकू येत न्हाई," म्हणत त्या मागून फिरायच्या, आणि कुणाचा जबडा हलला की पाठीत धपाटा बसायचा. त्या दाण्यांची चटणी तिसऱ्या दिवशी कडक भाकरीबरोबर वर्गातच संपायची. अहवालात मी तिला 'प्रशिक्षण साहित्य' म्हणायचो.

परीक्षाही त्यांची निराळी. वर्ग संपला की त्या टरफलांचे ढीग उपसायच्या. ज्याच्या टरफलांत दाणे सापडले तो पास, ज्याचा ढीग स्वच्छ तो नापास. "मन ऐकण्यात असलं की हात चुकतोच," त्या म्हणायच्या. एकदा अक्कलकोटकडची कानडी बोलणारी मुलगी आणि शहरातला दखनी बोलणारा मुलगा एका जोडीत आले. दोन दिवस तो नुसत्या शेंगा फोडत होता. तिसऱ्या दिवशी मान खाली घालून म्हणाला, "भाई गया तबसे घर में कोई बाताच नै करता." मग बराच वेळ बोलला. तिला त्यातलं किती कळलं कोण जाणे, पण तिच्या टरफलांत मूठभर दाणे निघाले. पहिला नंबर तिचा. संध्याकाळी अक्का त्या मुलाला रिक्षानं डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. "आपण पट्टी बांधायची. टाकं त्यांनी घालायचं."

पुढच्या वर्गात एक जण कमी पडला, म्हणून जोडीला मी बसलो. अक्कांनी माझा ढीग तळापर्यंत उपसला. एक दाणा नाही.

"साहेब, तुमचा ढीग लई स्वच्छ हाय की. कुटं होता तुमी?"

"बरं हाय अक्का. जरा दमलोय."

सगळे गेल्यावर मी सतरंज्या गुंडाळत होतो, तर अक्का शेजारी येऊन बसल्या, उरलेल्या शेंगा मधे ओतल्या आणि खाली बघत फोडू लागल्या. शेंगा संपायच्या आत आप्पांचं सगळं माझ्या तोंडून निघून गेलं होतं.

"त्यांस्नी सांगून टाका की."

"कसं सांगू? समोर उभा राहिलो की जीभच उचलत नाही."

"समोर कशाला हुबं ऱ्हाताय? शेजारी बसा. त्यांच्या हातात काम असतंय का न्हाई?"

काम होतं. रविवारी फोनची वाट न बघता गावी गेलो. आप्पा झाडाखाली डाळिंबं निवडत बसले होते. चांगली क्रेटमध्ये, तडकलेली टोपलीत. या कामात त्यांचा हात कधी चुकत नाही. मी दुसरा क्रेट ओढून शेजारी बसलो आणि हातातल्या फळाकडे बघत म्हणालो, "आप्पा, मी परीक्षा सोडलीय. वरीस झालं. नोकरी करतोय." त्यांनी वर बघितलं नाही, हातही थांबला नाही. क्रेट भरत आल्यावर म्हणाले, "जेवण येळेवर करतूस न्हवं?" नंतर त्यांचा क्रेट उचलताना मी पाहिलं, चांगल्या फळांत तीन तडकलेली होती.

सोमवारी अक्कांनी एवढंच विचारलं, "किती चुकलं?" मी म्हणालो, "तीन." "मग ऐकलं त्यांनी," म्हणून त्या शेंगांची पिशवी सोडायला लागल्या.

आता तो प्रकल्प बंद झालाय. अक्का लेकीकडे भिवंडीला गेल्या, मी दुसऱ्या संस्थेत तशाच सतरंज्या अंथरतो. परवा हजेरीपट भरत बसलो होतो, तेव्हा त्यांचा फोन आला. लेक-जावई दिवसभर कामावर असतात, शेंगा आणल्यात, पण फोडायला शेजारी कुणी बसत नाही, असं त्या हळूहळू सांगत राहिल्या. मी ऐकत ऐकत हजेरी मांडत राहिलो. फोन ठेवल्यावर समोर पाहिलं, तर न आलेल्या सगळ्या मुलांना मी हजर मांडून ठेवलं होतं.