नथूभाऊंच्या व्याख्या

“पंक्चुअल म्हणजे काय?” मी छडी रोखून विचारलं.

नथूभाऊ उभे राहिले. “धुळ्याला जाणारी गाडी जे कधीच नसते, ते.”

वर्ग हसला. धरणगावचे आबा मागून ओरडले, “मास्तर, याना बठ्ठा शब्द धुयालेच जातस!”

खरंच सगळे तिकडेच जायचे. नथूभाऊ जळगावच्या एका जिनिंग प्रेसमध्ये क्लार्क. त्यांची बायको, गोदावरीबाई, धुळ्याला मुलींच्या शाळेत शिक्षिका. कापसाच्या हंगामात नथूभाऊंना रजा नाही. एखादा रविवार साधायचा, बाकी भेट ती उन्हाळ्याच्या सुट्टीत. धुळ्याच्या कोर्टात ट्रान्स्लेटरची जागा निघाली, तसे ते माझ्या संध्याकाळच्या इंग्रजीच्या वर्गात दाखल झाले. जागा मिळाली तर संसार एका गावात येणार होता.

माझी पद्धत सोपी. नवा शब्द आला की त्याची डेफिनिशन इंग्रजीतच सांगायची, पण स्वतःच्या आयुष्यातली. कोश उघडायचा नाही. असा शब्द पक्का बसतो. (इथे मी मराठीत देतोय, ते तुमच्यासाठी.) ‘एन्ड्युअर’ म्हणजे? “चाळीसगावच्या फलाटावर गाडी बदलायला थांबणं.” ‘प्रिव्हिलेज’? “बायकोची बोलणी रोज खायला मिळणं.” यावर मी नाटकातल्या राजासारखा छातीवर हात ठेवून खुर्चीत कोसळायचो.

मग कळलं, कोर्टाच्या तोंडी परीक्षेत कोशातल्याच व्याख्या मागतात. माझं धाबं दणाणलं.

“नथूभाऊ, वहिनींना शब्दांतून बाहेर काढा!”

“काढून पाठवू कुठे?”

“धुळ्याला!”

“तिथेच तर आहे, मास्तर.”

त्यांनी कोश घोकला. परीक्षेला मी सोबत गेलो आणि दाराबाहेरच्या बाकावर कान टवकारून बसलो. जज्जसाहेब आपल्यातलेच, मराठी, वयस्कर. शब्दामागून शब्द येत होते, नथूभाऊ कोश ओतत होते. मी खुशीत मांडीवर ताल धरला. तेवढ्यात शेवटचा शब्द आला. ‘सेपरेशन’.

आत नथूभाऊ तोच शब्द पुन्हा पुन्हा पुटपुटू लागले. पाठ केलेलं उडालं होतं. मी डोळे मिटून घेतले.

“सर,” नथूभाऊ इंग्रजीत हळूच म्हणाले, “लग्न एक आणि चुली दोन.”

शिरस्तेदार, म्हणजे कोर्टाचे हेडक्लार्क, खाकरले. “हे कोशात नाही.”

जज्जसाहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. एकदम मराठीत विचारलं, “त्यातली तुमची कुठली?”

“विझलेली, साहेब.”

जागा मिळाली. ती आधीच्या बिनचूक उत्तरांवर मिळाली, असं शिरस्तेदार अजून सांगतात. असेलही.

तेव्हापासून परीक्षेला बसणाऱ्यांकडून मी कोशातल्याच व्याख्या पाठ करून घेतो. आयुष्यातल्या व्याख्येने शब्द पक्का बसतो, यात वाद नाही. पण त्या ऐकून, वर्ग सुटल्यावर मास्तरालाही रिकाम्या घरी जाऊन स्वतःच कुलूप उघडायचं असतं.