दिनकरच्या सॅकमधले दगड

आधीच सांगतो, भूत-पिशाच्च, बाहेरचं, करणी... यातलं काहीही मी मानत नाही. आयुष्यभर ड्रॉइंग बोर्डवर मिलिमीटर मोजले, जे मोजता येत नाही त्याचा मला कंटाळा आहे. तरी हे लिहितोय, कारण कालच दिनकरला भेटून आलोय.

साठच्या दशकाची अखेर. तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम जोरात होतं आणि मी तिथे ड्राफ्ट्समन होतो. सरावलीच्या खोलीत माझा पार्टनर दिनकर — कऱ्हाडचा, फिटर, अंगाने दणकट. मुंबईच्या एका मंडळाची हिमालयात मोहीम निघणार होती. अकरा दिवसांची चाल, सोबत शेर्पा गाइड, अठरा हजार फुटांवरचं शिखर! दोघांनाही जायचं होतं, जागा मात्र एकच उरली होती. मग ठरलं, वीस किलो वजन पाठीवर घेऊन काळदुर्गावर जो आधी पोहोचेल तो जाणार. लबाडी नको म्हणून मी त्याची सॅक भरायची, त्याने माझी.

दीड महिना दर रविवारी सरावाला पालघरला उतरून मनोर रस्त्याने वाघोबाच्या खिंडीत जायचो, तिथून वर. दर वेळी दिनकर पुढे, मी धापा टाकत मागे. वर बसून तो माझ्याकडे बघत शीळ घालायचा. खोटं कशाला बोलू, मला त्याचा भयंकर हेवा वाटायचा.

शेवटचा रविवार, शर्यतीचा. सकाळचे आठ. माझ्या सॅकसाठी गोटे आणायला दिनकर ओढ्यात उतरला. वाटेच्या कडेला दगडांचा ढीग होता. त्यातला एक मी उचलला, तशी मोळी घेऊन चाललेली एक वारली म्हातारी थबकली.

"त्याला हात नको लावू, भाऊ. आजारपण, दुक, ज्याचा जो भार तो लोकं दगडासंगं हितं ठेवून जातात."

"आणि उचलला तर?"

"ज्याच्या पाठीवर देशील त्याला बसतो. मंग उतरत नाय. ज्यानं उचलला त्यानंच म्हणायचं, ह्यो भार माजा हाय. तवाच उतरतो."

ती गेली. मी हसलो... आणि त्याच ढिगातले दगड दिनकरच्या सॅकमध्ये भरले. विश्वास नव्हता, तर तेच का घेतले? आयते हाताशी होते, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलोय. ताणकाट्यावर दोन्ही सॅक बरोबर वीस किलो भरल्या. दिनकरच्या सॅकची गाठ मीच मारली.

अर्ध्या चढावर त्याने गुडघे टेकले. "अरे, काय भरलंयस? हे वीस नाहीत!"

"काटा तुझ्यासमोर होता की," म्हणत मी पुढे निघालो. मागून दोनदा हाक आली, "थांब रे!" मी शीळ घातली.

तो वर आला तेव्हा माझा डबा खाऊन तास उलटला होता. रांगत आला. खांद्यांवर शर्ट फाटून रक्त आलेलं. मी त्याची सॅक काढून उघडली. गाठ माझीच, जशीच्या तशी. कुठे शिवण उसवलेली नाही. आत एकही दगड नव्हता.

"उतरव ना रे," दिनकर म्हणाला. सॅक तर माझ्या हातात होती.

मंगळवारी मला निघायचं होतं. म्हातारीचे शब्द आठवले नाहीत असं नाही. पण ते बोलायचे म्हणजे सगळं कबूल करायचं, आणि जागा घालवायची. आल्यावर बघू म्हटलं. शिखर गाठलं, गाइडने पाठ थोपटली. परत आलो तर दिनकर कमरेतून वाकलेला, काम सुटलेलं. डॉक्टरांना एक्स-रेत काही सापडलं नाही, आजवर सापडलेलं नाही. दगड कुठे गेले, तेही मला सांगता येत नाही.

आता तो कऱ्हाडला पुतण्याकडे असतो. आडवं होता येत नाही, बसूनच झोपतो. काल मी त्याला पाणी पाजलं, तर म्हणाला, "तू जिंकलास ना रे... मग आता तरी उतरव."

मी हे काही मानत नाही. चार शब्द आहेत नुसते, त्यांनी काय होणार? पन्नासहून जास्त वर्षं झाली, अजून एकदाही ते माझ्या तोंडून निघालेले नाहीत. इथे लिहितानाही, वर पाहा, म्हातारीच्याच तोंडी घातलेत.