कारलिफ्ट

कुमुदआजींना संशय घ्यायला निमित्त लागत नसे. दुधाची बाटलीसुद्धा त्या हुंगून मगच फ्रिजमध्ये ठेवत. त्यात २००९च्या मंदीत मुलाची, संजयची नोकरी गेली, पाठोपाठ कंपनीची गाडीही गेली आणि तो काम शोधायला पुण्याला परतला. आखातातल्या खलिफा सिटीतल्या फ्लॅटमध्ये उरल्या आजी, सून हेमा आणि दहावीतली श्रिया.

हेमाची क्लिनिकमध्ये ड्यूटी. म्हणून बोर्डाच्या परीक्षेसाठी तिने श्रियाला कारलिफ्ट लावून दिली. हनीफ नावाचा पन्नाशीचा गृहस्थ आपल्या गाडीतून तीन-चार मुलींची शाळेत ने-आण करायचा. तो कराचीचा आहे हे कळलं मात्र, आजींच्या मनात पाल चुकचुकली. तो "सलाम, अम्मा" म्हणाला की, इतका गोड बोलतो म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय, असं त्या हेमाला ऐकवत. पुढे बसायचं नाही, त्याने दिलेलं खायचं नाही, ही श्रियाला रोजची तंबी. खरं तर आजीही कराचीच्याच. पण तो विषय घरात काढायची सोय नव्हती.

गणिताच्या पेपरच्या दिवशी श्रिया वेळेवर घरी आली नाही. तिचा फोन बंद. आजींचा जीव टांगणीला लागला. ऊन उतरल्यावर गाडी आली, आत श्रिया एकटीच. बाकीच्या मुलींना सोडल्यावर टायर फुटला, असं हनीफ सांगू लागला. आजींनी पुरतं ऐकूनही घेतलं नाही. "कल से मत आना," म्हणून नातीला दंडाला धरून त्यांनी घरात आणलं. तिच्या गणवेशाच्या गुंड्या पाहिल्या, मान पाहिली.

"हात लावला का त्याने? खरं सांग."

"नथिंग हॅपन्ड, आजी. व्हाय डोन्ट यू बिलीव्ह मी?"

आजींनी तिचा दंड सोडला. कराचीच्या बंदरावर, चारचौघांत, त्यांच्या आईने त्यांना हेच विचारलं होतं. फाळणीनंतरच्या दंगलीत दहा वर्षांची कुमुद घरच्यांपासून चुकली. गनी नावाच्या टांगेवाल्याने तिला आपल्या बायकापोरींत लपवलं आणि दंगा शमल्यावर बंदरावर आणून आईबापांच्या हवाली केलं. वडिलांनी त्याला शिव्या घातल्या. काही झालं नाही, असं कुमुद रडून सांगत राहिली. तरी वडिलांनी मरेपर्यंत तिच्या हातचं पाणी घेतलं नाही. पुढे फार चौकशी न करणारा एक बिजवर पाहून तिला उजवून टाकलं.

आयुष्यात पहिल्यांदा आजींनी हे कुणाला तरी सांगितलं. श्रिया दप्तर पोटाशी धरून उभ्याउभ्याच ऐकत होती.

"डिड दे एव्हर बिलीव्ह यू?" तिने हळूच विचारलं.

"नाही," आजी म्हणाल्या. "आणि मघाशी मीही तुझ्यावर ठेवला नाही गं विश्वास."

त्यांनी तिला जवळ घ्यायला हात पुढे केला. श्रिया दोन पावलं मागे सरली, आपल्या खोलीत गेली आणि तिने आतून कडी लावली.